गॅरेजचे दार अर्ध्यावरून परत वर जाते: मोटरचा जोर वाढवावा की स्प्रिंगला पीळ द्यावा?

नवगृही (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नुकतेच राहायला आलो त्या घराच्या गॅरेजला दोन मोटारी शेजारी शेजारी आत जातील इतके रुंद, चार आडव्या पोलादी फळ्यांचे दार आहे. दाराच्या वर भिंतीलगत एका दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा बसवलेल्या असून छताला टांगलेली मोटर साखळीने दार ओढते. दार नेमके किती जुने आहे हे कळायला मार्ग नाही. आधीच्या मालकांनी ऊब टिकावी म्हणून प्रत्येक फळीला आतून प्लायवूड लावून घेतलेले दिसते.

गेल्या काही आठवड्यांपासून रिमोटने दार बंद करू लागलो की ते निम्म्यापर्यंत खाली येते, थबकते आणि पुन्हा वर जाते. त्या वेळी मोटरवरचा दिवा लुकलुकतो. भिंतीवरचे बटण शेवटपर्यंत दाबून धरले, तर मात्र दार पूर्ण बंद होते. उघडताना मोटर कण्हल्यासारखा आवाज करते, साखळीला हिसके बसतात आणि दार वर सरकत असताना बिजागऱ्यांतून करकर ऐकू येते.

एका परिचितांनी मोटरवरचा जोर नियंत्रित करणारा स्क्रू फिरवून जोर वाढवावा असे सुचवले. दुसऱ्या एकाच्या मते स्प्रिंगा सैल पडल्या असल्याने त्यांना दोन पीळ द्यावे लागतील, आणि ते काम चित्रफीत पाहून घरच्या घरी जमते. घरात दोन लहान मुले आहेत आणि त्यांची ये-जा याच दारातून असते, त्यामुळे प्रयोग करण्यापूर्वी विचारत आहे. यांपैकी कोणता उपाय योग्य, आणि वंगण कोणते व कुठे घालावे?

पानापकड

आपण सांगितलेल्या लक्षणांत दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले दिसतात. ते आधी वेगळे करावेत. सुचवले गेलेले दोन्ही उपाय तूर्त बाजूला ठेवावेत.

पहिला दोष अर्ध्यावरून परत जाण्याचा. दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत, समोरासमोर दोन लहान डोळे बसवलेले असतील. एकातून अदृश्य प्रकाशकिरण निघतो आणि दुसरा तो टिपतो. दार खाली येत असताना किरण तुटला, तर मध्ये कोणी आहे असे समजून मोटर दार उलट फिरवते. बहुतेक यंत्रांत भिंतीवरचे बटण दाबून धरले की या डोळ्यांचा इशारा डावलला जातो, कारण बटण धरणारा माणूस दाराकडे पाहत असणार असे गृहीत धरलेले असते. आपले दार केवळ बटण धरल्यावरच बंद होते आणि सोबत दिवा लुकलुकतो, यावरून संशय सर्वप्रथम या डोळ्यांवर जातो. काचेवरची धूळ, कोळ्याचे जाळे, झाडूचा किंवा सायकलचा धक्का लागून वाकलेली पट्टी, सैल झालेली तार, ठरावीक वेळी थेट आत शिरणारे ऊन, यांपैकी काहीही पुरेसे असते. पट्टी सैल असेल, तर दार थांबलेले असताना डोळे जुळलेले दिसतात आणि दार हलू लागल्यावर कंपनाने किरण चुकतो. आपल्याकडे दार निम्म्यावर येऊन फिरते ते बहुधा यामुळेच. मऊ कापडाने काचा पुसा, दोन्ही डोळ्यांवरचे बारीक दिवे न लुकलुकता स्थिर पेटेपर्यंत पट्टी हलक्या हाताने सरळ करा आणि मग नट घट्ट करा. उन्हाचा त्रास असेल, तर किरण टिपणारा डोळा सावलीच्या बाजूला नेता येतो. तोवर बटण धरून दार लावण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. त्या काळात दाराला खाली काय आहे ते दिसत नसते.

दुसरा दोष कण्हण्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. दार मोटर उचलते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दाराचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंगा पेलतात आणि मोटर फक्त त्या तोललेल्या वजनाला इकडून तिकडे सरकवते. दार बंद असताना स्प्रिंगांना पूर्ण पीळ असतो. दार वर जाऊ लागले की एकेक फळी आडव्या ट्रॅकवर जाऊन विसावते, लटकणारे वजन कमी होत जाते आणि त्याच प्रमाणात स्प्रिंगही उलगडत जाते. हा मेळ बिघडला की मोटरला वजन ओढावे लागते आणि ती कण्हू लागते.

मेळ आहे की नाही हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. दार पूर्ण खाली आणा. मोटरचा प्लग काढा. मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी, बहुधा लाल मुठीची दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा. मग हँडल धरून दोन्ही हातांनी दार हळूहळू कमरेइतके उचला आणि सावधपणे हात सैल करा, पण पाय दाराखाली येऊ देऊ नका. तोल बरोबर असेल, तर दार तिथेच थांबते किंवा किंचित सरकते. धपकन खाली येऊ लागले, तर स्प्रिंगा अपुऱ्या आहेत. आपोआप वर झेपावले, तर पीळ जास्त आहे. उचलायलाच फार जड वाटले, तर चाचणी तिथेच सोडून द्या. ही दोरी दार उघडे असताना कधीही ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर ते पूर्ण वजनानिशी कोसळते.

जोर वाढवण्याचा सल्ला मला सर्वांत धोकादायक वाटतो. काहीतरी अडले हे मोटरला ओढीत पडलेल्या फरकावरून कळते. जड झालेले दार ओढता यावे म्हणून ती मर्यादा वाढवली, तर दार चालते खरे, पण खाली मूल सापडले तरी तो अडथळा तिला जाणवायला उशीर होतो. आजार तसाच राहतो आणि सुरक्षेची शेवटची फळी मात्र निघून जाते.

शंकेखोर

पहिल्या भागाशी सहमत आहे. स्प्रिंगांविषयी मात्र आपण सगळे मिळून थोडी जास्तच भीती घालतो असे माझे मत आहे. पीळ देण्यासाठी योग्य मापाचे पोलादी दांडे मिळतात, स्प्रिंगच्या टोकाला बसवलेल्या शंकूसारख्या धातूच्या तुकड्यात, म्हणजे ‘कोन’मध्ये, त्यासाठी छिद्रे असतात आणि पाव पाव फेरा देत जाण्यात काही जादू नाही. यंत्रकामाची सवय असलेल्या माणसाने ते का करू नये? प्रत्येक लहानसहान कामासाठी कारागिराची वाट पाहणे मला पटत नाही.

पानापकड

ज्याला सवय आहे आणि ज्याच्याकडे त्या छिद्रांत घट्ट बसणारे दांडे आहेत, त्याच्याविषयी माझा आग्रह नाही. प्रश्नकर्त्यांनी मात्र चित्रफीत पाहून करू का असे विचारले आहे, आणि त्या चित्रफितींत दांड्याऐवजी पेचकस घालणारे महाभागही दिसतात.

थोडा हिशेब मांडतो. १०० किलोचे, सुमारे २.१ मीटर उंचीचे दार उभ्याचे आडवे करायचे म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य साधारण एक मीटर वर न्यायचा. त्याला सुमारे हजार ज्यूल ऊर्जा लागते आणि दार बंद असताना ती दोन्ही स्प्रिंगांत मिळून साठलेली असते. ५० किलोचे पोते दोन मीटरवरून पडले तर जमिनीवर जितके आदळेल, तितकी ही ऊर्जा आहे. एवढ्या उंचीच्या दाराला बहुतेक वेळा साडेसातच्या आसपास फेरे दिलेले असतात. फेरा देताना भार दांड्यावर आणि तो धरणाऱ्या मनगटावर असतो. दांडा निसटला तर कोन गरकन उलटा फिरतो आणि छिद्रात अडकलेला पेचकस चेहऱ्याच्या उंचीवरच भिरभिरतो, कारण माणूस शिडीवर नेमका तिथेच उभा असतो. कोनाचे स्क्रू सैल करताना दांडा छिद्रात नसेल, तर परिणाम हाच होतो.

आणखी एक जागा अशीच फसवी आहे. सर्वांत खालच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांतील ब्रॅकेटना पोलादी दोर जोडलेले असतात, आणि दार बंद असताना स्प्रिंगांची सगळी ओढ त्या ब्रॅकेटवर असते. दिसायला ते साधे दोन-चार स्क्रू असतात आणि घरचे सगळे स्क्रू आवळून घेण्याच्या उत्साहात तिथेही पाना लागतो. बिजागऱ्यांचे आणि ट्रॅकच्या आधारांचे नट-बोल्ट खुशाल आवळावेत. खालच्या ब्रॅकेटना, दोरांना, ते दोर ज्यांवर गुंडाळले जातात त्या दांड्याच्या टोकांवरील ड्रमना आणि स्प्रिंगच्या कोनांना हात लावू नये.

तेलपाणी

वंगणाचे उत्तर राहून गेले होते, ते देतो. करकरणाऱ्या दारावर लोक पहिल्यांदा गंज सोडवणारा पातळ फवारा मारतात. त्याने आठवडाभर आवाज जातो, कारण तो असलेले वंगणही धुऊन काढतो, आणि मग करकर अधिक जोमाने परत येते. लिथियमयुक्त किंवा सिलिकॉनयुक्त फवारा घ्यावा. बिजागरीच्या खिळीवर, पोलादी रोलरच्या बेअरिंगमध्ये, स्प्रिंगांच्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर आणि स्प्रिंगांच्या वेटोळ्यांवर त्याचा हलका थर द्यावा, दार दोन-तीनदा वर-खाली करावे आणि ओघळलेले पुसून घ्यावे. रोलरची चाके नायलॉनची असतील, तर नायलॉनवर काही फवारू नये. फक्त बेअरिंग उघडे दिसत असेल तर तिथे थेंबभर द्यावे. वर्षातून दोनदा हे पुरते, मात्र दमट किंवा खारट हवेत त्याहून अधिक वेळा करावे लागते.

ट्रॅकमध्ये ग्रीस भरू नये, हा माझा ठाम आग्रह आहे. रोलर ट्रॅकमध्ये गडगडत जाणे अपेक्षित असते. ग्रीस भरले की ते घसरू लागतात आणि त्या चिकट थरावर धूळ व केस बसून काळी पेस्ट तयार होते, जी पुढे रोलरच अडवते. ट्रॅक कोरड्या कापडाने आतून पुसावेत एवढेच. मोटरची साखळी पुस्तिकेत सांगितले असेल तरच आणि तितकीच ओली करावी. मोटर पट्ट्याची असेल, तर पट्ट्याला तेल लागूच देऊ नये.

स्प्रिंगांना वंगण देताना त्या नीट पाहूनही घ्याव्यात. वेटोळ्यांमध्ये एके ठिकाणी दोन-चार बोटांची फट दिसली, तर ती स्प्रिंग तुटलेली आहे. पुष्कळदा हे रात्री मोठा आवाज होऊन घडते आणि घरातल्यांना काहीतरी कोसळल्याचा भास होतो. सकाळी मोटर दार वीतभर उचलून थांबते तेव्हा उलगडा होतो. ज्यांच्या दारांना आडव्या ट्रॅकच्या कडेने लांबणाऱ्या, ताणाच्या स्प्रिंगा आहेत, त्यांनी प्रत्येक स्प्रिंगच्या पोटातून एक सुरक्षा-तार ओवलेली आहे ना, हे अवश्य पाहावे. ती नसेल, तर तुटलेल्या स्प्रिंगचे टोक गॅरेजभर कुठेही जाऊ शकते.

दक्षता

घरात लहान मुले आहेत असा उल्लेख आला म्हणून चाचण्यांविषयी लिहिते, कारण डोळे स्वच्छ केल्यावर आणि वंगण घातल्यावर विषय संपला असे वाटण्याची शक्यता असते.

दार आपोआप उलटे फिरण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात आणि दोन्ही महिन्यातून एकदा तपासायच्या असतात. किरणाची चाचणी करताना दार खाली येत असताना लांब दांड्याच्या झाडूने किरण तोडावा; दार लगेच वर गेले पाहिजे. स्पर्शाची चाचणी करताना सुमारे ३८ मिलिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा दाराच्या मध्याखाली जमिनीवर आडवा ठेवून रिमोटने दार बंद करावे. दार ठोकळ्याला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत उलटे फिरले पाहिजे. नुसते थांबले, किंवा ठोकळा दाबत राहिले, तर जोराची किंवा खालच्या मर्यादेची जुळणी चुकलेली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद ठेवून दार हाताने वापरावे. ही चाचणी तोल बरोबर असलेल्या दारावरच अर्थपूर्ण ठरते, त्यामुळे पानापकड यांनी सांगितलेली चाचणी आधी करावी.

डोळ्यांची सक्ती अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरना लागू झाली. त्यापूर्वी बंद होणाऱ्या दाराखाली सापडून मुले दगावल्याच्या घटना घडल्या होत्या. तिथल्या नियमात डोळे जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या वर नसावेत असे सांगितले आहे, कारण त्याहून उंच किरणाखालून रांगणारे किंवा आडवे पडलेले मूल सुटून जाते. युरोपीय मानकात मार्ग वेगळा आहे. तिथे दाराची कड चिमटीत पकडताना किती बळ लावू शकते यावर मर्यादा आहे: फट ५० ते ५०० मिलिमीटर असताना ४०० न्यूटन, तेही पाऊण सेकंदापेक्षा जास्त वेळ नाही. आपली मोटर डोळ्यांशिवायची जुनी असेल, तर ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही, बदलावी.

भिंतीवरचे बटण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा, किमान दीड मीटर उंचीवर आणि दार स्पष्ट दिसेल अशा जागी असावे. रिमोट हे खेळणे होऊ देऊ नये. बंद होत आलेल्या दाराखालून धावत पार होण्याची शर्यत मुलांना फार आवडते, आणि मोठी माणसे घाईत तेच करतात तेव्हा ती शिकवणच ठरते. आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: दोन फळ्यांच्या सांध्यात बोटे घालून दार ओढू नये. दार वळणावर येताना तो सांधा उघडतो आणि सरळ होताना मिटतो. हाताने उघडायचे असेल, तर आत व बाहेर हँडल बसवून घ्यावे.

नवगृही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डाव्या बाजूच्या डोळ्याची पट्टी खरोखरच सैल होती. ती सरळ करून घट्ट केल्यावर दार रिमोटने व्यवस्थित बंद होते. तोलाची चाचणी मात्र असमाधानकारक ठरली. दार उचलायला मला दोन्ही हातांनी बराच जोर लावावा लागला आणि कमरेच्या उंचीवर ते अजिबात थांबत नाही, खाली येते. स्प्रिंगांत कुठेही फट दिसत नाही. उजव्या बाजूच्या दोराचे मात्र खालच्या ब्रॅकेटपाशी दोन-तीन धागे सुटलेले दिसतात. आता दोन शंका आहेत. स्प्रिंगा तुटलेल्या नसताना दार इतके जड कसे झाले? आणि कारागीर येईपर्यंत दार जपून वापरले तर चालेल का?

पानापकड

पहिल्या शंकेचे उत्तर आपल्या मूळ प्रश्नातच असावे. आधीच्या मालकांनी लावलेले प्लायवूड किती जाडीचे आहे ते मोजा. दोन मोटारींचे दार साधारण १० चौरस मीटरचे असते. ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे वजन चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे तेवढ्यानेच दारावर ३५ किलोंची भर पडली. १२ मिलिमीटरचे असेल तर ७०. स्प्रिंगा मूळच्या वजनासाठी निवडलेल्या होत्या आणि त्या बदलल्या गेल्या नसाव्यात. स्प्रिंगा कालांतराने थोड्या सैल पडतात हे खरे, पण इतका फरक त्याने पडत नाही. दारावर काहीही जड चढवले, मग ते लाकूड असो वा काच, की तोल पुन्हा साधावा लागतो. अशा वेळी जास्तीचा पीळ देणे हा उपाय अपुरा पडतो, कारण मग दार खाली तोललेले आणि वर गेल्यावर ओढलेले राहते, शिवाय तारेवरचा ताण वाढून स्प्रिंग लवकर थकते. प्लायवूड काढून हलका फोम लावणे किंवा नव्या वजनाच्या स्प्रिंगा घेणे, यांपैकी एक निवडावे लागेल. मी पहिले निवडीन. जास्तीचे वजन बिजागऱ्या, रोलर आणि दोर यांनाही रोज सोसावे लागते.

पण प्लायवूड आत्ताच स्वतः उतरवू नका. वजन कमी झाल्यावर स्प्रिंगांचा मेळ उलट दिशेने बदलू शकतो, आणि दोर तुटू लागलेला असताना दाराशी कोणताही खेळ नको. ते काम कारागिरासमोर, तोल पुन्हा जुळवण्याच्या वेळीच व्हावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. दोराचे धागे सुटू लागले की उरलेल्या धाग्यांवर भार वाढतो. दोर तुटला तर दार एका बाजूने खाली येते, ट्रॅकमध्ये तिरके अडकते किंवा रोलर बाहेर पडतात. दार बंद करून मोटरचा प्लग काढून ठेवा आणि मोटारी बाहेर उभ्या करा.

कारागिराशी बोलताना काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. दोन्ही दोर एकदम बदलावेत. स्प्रिंगा बदलायच्या ठरल्या तर त्याही जोडीने, कारण दोघींनी सारखेच श्रम केलेले असतात आणि एक गेली की दुसरी फार मागे राहत नाही. नव्या स्प्रिंगा निवडण्यापूर्वी त्याने दाराचे प्रत्यक्ष वजन करावे. जुन्या स्प्रिंगांची मापे घेऊन तशाच आणल्या, तर जुनीच चूक नव्या पोलादात उतरेल. सर्वसाधारण स्प्रिंग सुमारे १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते आणि एकदा उघडून बंद करणे ही एक फेरी होते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षे होतात. आपल्या घरी याच दारातून सगळ्यांची ये-जा असेल, तर जास्त फेऱ्यांच्या स्प्रिंगांसाठी थोडे अधिक पैसे मोजणे परवडते. काम झाल्यावर तोल साधला आहे हे त्याने मोटर जोडण्यापूर्वी हाताने उचलून दाखवावे, त्यानंतर जोर आणि मर्यादा नव्याने जुळवाव्यात आणि दक्षता यांनी सांगितलेली ठोकळ्याची चाचणी आपल्यासमोर करावी.

शंकेखोर

प्लायवूडचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. या दाराला नुसते दोन पीळ दिले असते, तर प्रश्न सुटल्यासारखा वाटला असता आणि दोर आधी गेला असता. दार बंद ठेवण्याबद्दल एक विचारतो: वीज गेली, किंवा मोटरचा प्लग काढलेला असताना घर बंद करून बाहेरगावी जायचे असेल, तर दाराची आडवी कडी लावून जावे का?

तेलपाणी

मोटरचा प्लग काढलेला असेल तर कडी अवश्य लावावी. मोटर चालू असताना मात्र कडी लावू नये. विसरून रिमोट दाबला गेला, तर मोटर अडकवलेल्या दाराला ओढते आणि वरची फळी वाकते किंवा मोटरचे दातेरी चाक झिजते. वीज गेल्यावर लाल दोरीने दार सोडवून हाताने उघडता येते, पण ते तोललेल्या दाराबाबत. प्रश्नकर्त्यांच्या दारावर सध्या हा प्रयोग करू नये. दार उघडेपर्यंत मोटारीचे इंजिन बंदच ठेवावे, कारण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत साठतो आणि त्याला वास नसतो. वीज परत आल्यावर दोरीची खिट्टी पुन्हा जोडण्याच्या स्थितीत आणून मोटर एकदा चालवली, की बहुतेक यंत्रांत साखळीवरचा सांधा आपोआप अडकतो. तो अडकला आहे याची खात्री केल्याशिवाय गॅरेज सोडून जाऊ नये. मोटरपासून सुटलेले दार बाहेरून कोणीही हाताने उचलू शकतो.